आदर्श कार्यशाळा आणि मागची शेड

आमच्या आयटीआयची निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा प्राचार्यांनी पेढे वाटले. निवड कशासाठी झाली हे त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. एका परदेशाबरोबर सहकार्याचा करार झालाय, व्यवसाय शिक्षणाचा दर्जा उंचावायचाय आणि त्यासाठी जळगाव-धुळे जिल्ह्यांतल्या काही संस्था घेतल्यात, एवढंच पत्रात होतं. त्या देशाचं नाव मी सांगत नाही. सांगून त्याची शोभा वाढणार नाही, आणि आमची तर नाहीच.

मी तिथे वीजतंत्रीच्या वर्गाला शिकवते. सरकारी कागदावर माझं पद शिल्प निदेशिका. पण मोटारीचं वाइंडिंग मी सरकारकडून शिकले नाही. माझ्या वडिलांचं, नानांचं, सावद्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. केळीच्या पट्ट्यात विहिरीवरची मोटार जळली की माणूस तोंड न धुता दुकानात येतो. शाळेतून आले की मी तिथेच बसायची, तांब्याच्या तारेचे वेढे घालत. पुढे आयटीआयला नाव घातलं तेव्हा वर्गात मी एकटी मुलगी, आणि शिकवणाऱ्या निदेशकांपेक्षा माझा हात बरा होता. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. माझा स्वभाव तेव्हापासूनचा. लोक त्याला गर्व म्हणतात. समोरच्याचा मूर्खपणा मला लगेच दिसतो, त्यात माझा काय दोष?

तर करारातली पहिली पायरी म्हणजे आम्हा निदेशकांचं प्रशिक्षण. जळगावच्या एका हॉटेलात, चार दिवस. हॉल इतका गार की बायका पदर लपेटून बसल्या. प्रत्येकाला एक पिशवी, त्यात वही, पेन आणि करारातल्या दोन्ही देशांची निशाणं छापलेली पाण्याची बाटली. समोर त्या देशाचा मुख्य तज्ज्ञ, उंच, हसरा, कडक इस्त्रीच्या कपड्यांतला. त्याने आयुष्यात पक्कड हातात धरली नव्हती, हे त्याच्या बोटांवरूनच दिसत होतं. त्याचं इंग्रजी मराठीत आणि आमचं मराठी इंग्रजीत करायला पुण्याचा एक तरुण समन्वयक होता.

पहिल्याच दिवशी आमचे गट पाडून प्रत्येक गटाला मूठभर कच्च्या शेवया, दोरा आणि चिकटपट्टी दिली. म्हणे सगळ्यांत उंच मनोरा बांधा. माझ्या गटात धुळ्याचे एक फिटरचे निदेशक होते, निवृत्तीला टेकलेले. ज्या माणसाने आयुष्यभर लोखंड घासून सुतासारखं सरळ केलं, तो शेवईला दोरा बांधत होता. शेवई मोडली. ते माझ्याकडे झुकून म्हणाले, "ताई, हाई बठ्ठं नाटक शे."

"नाटक कुठलं, भाऊ," मी म्हटलं. "नाटकात निदान पात्रांना आपापलं काम पाठ असतं."

दुपारी तज्ज्ञाने एकेकाला विचारायला सुरुवात केली, तुमच्या स्वप्नातली कार्यशाळा कशी आहे? माझी पाळी आली तशी मी उभी राहिले.

"स्वप्न नाही, अडचण सांगते. दोन वर्षं प्रॅक्टिकलला तांब्याची तार आली नाही. जुनीच तार सोडवून मुलं पुन्हापुन्हा गुंडाळतात. तिच्यावरचं इनॅमल केव्हाच गेलं. तार द्या, बाकी आम्ही बघतो."

समन्वयकाने मान डोलावली आणि इंग्रजीत सांगितलं की मॅडमना प्रत्यक्ष अनुभवातून शिकण्यावर अधिक भर हवा आहे. मला इंग्रजी बोलता येत नाही, पण कळतं. तज्ज्ञाचा चेहरा उजळला. त्याने एका पिवळ्या चिठ्ठीवर काहीतरी खरडून ती फळ्यावर चिकटवली. संध्याकाळपर्यंत फळा पिवळाधमक झाला. एसीच्या वाऱ्याने चिठ्ठ्या गळायच्या, आणि चहा घेऊन येणारा वेटर त्या उचलून हाताला येईल तिथे लावायचा. माझी तार शेवटी 'महिला सक्षमीकरण' या मथळ्याखाली जाऊन बसली. कुणीही ती हलवली नाही.

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म आला. प्रशिक्षण कसं वाटलं? 'अतिशय उपयुक्त' पुढच्या चौकटीत मी खूण केली. धुळ्याच्या भाऊंनीही केली. प्रमाणपत्र फॉर्म दिल्यावरच मिळणार होतं. त्या चार दिवसांत मी मनातल्या मनात सगळ्यांना नावं ठेवली, पण कागदावर खोटं लिहिणाऱ्यांत मीही होते. हे सांगून टाकलेलं बरं.

पुढे सामान आलं. त्यासाठी वीजतंत्रीच्या वर्गाशेजारची मोठी खोली रिकामी केली, फरशी घातली, पडदे लावले आणि दारावर पाटी लावली: 'आदर्श कार्यशाळा'. आत भिंतीला टेकून सहा उभे फलक. त्यांवर रंगीत चित्रं आणि भोकं. एका भोकातून दुसऱ्या भोकात वायरची पिन खोचायची की दिवा लागणार, छोटी मोटार फिरणार. बिघाड शिकवायचा असेल तर तोसुद्धा सोबत आलेल्या टॅबवर बोट टेकवून घडवायचा, आणि मुलांनी टॅबवरच बोट टेकवून तो दूर करायचा. हात काळे नाहीत, वास नाही, जळकी तार नाही. असला बिघाड खान्देशात कुठल्या विहिरीवर होतो, हे मला कुणी दाखवावं.

तरी मी म्हटलं, आलंच आहे तर मुलांना दाखवू. प्राचार्यांनी कुलूप काढलं नाही.

"मॅडम, पाहणीला लोक येणार आहेत. तोपर्यंत एक ओरखडा नको."

"सर, मुलांसाठीच आलंय ना ते?"

"मुलांसाठीच आहे. पण पाहणीनंतर."

मुलं काचेतून बघायची. आठवड्यातून एकदा शिपाई आत जाऊन फलक पुसायचा. आमच्या संस्थेत त्या यंत्रांना सगळ्यांत जास्त हात त्याचाच लागला.

माझा खरा वर्ग मागच्या शेडमध्ये चालायचा. पत्र्याची शेड, एक लांब लाकडी टेबल, आणि आसपासच्या गावांतून आलेल्या जळक्या मोटारी. शेतकरी मोटार आणि तार आणून देई, माझी मुलं-मुली जळकी तार काढून नव्या तारेने मोटार भरून देत. आम्हाला खरं काम मिळे, त्याला चालती मोटार. प्राचार्यांना ती शेड आवडत नसे. पाहुणे आले की ते तिच्या दारापुढे कुंड्या मांडायला लावत.

पाहणीचा दिवस उन्हाळ्यात आला. आधीचा आठवडाभर माझ्या वर्गातल्या दोन मुलींना इंग्रजी वाक्यं घोकायला लावली होती. कुठली पिन कुठल्या भोकात, हेही त्यांना नाचाच्या पायऱ्यांसारखं पाठ करवलं होतं. पाठ करवून घेणारी मीच. जेवणाला वांग्याचं भरीत, पण पाहुण्यांना तिखट चालणार नाही म्हणून बिनमिरचीचं. स्वयंपाकी तोंड फिरवून म्हणाला, "हे भरीत असेल तर माझं नाव सांगू नका."

चार परदेशी माणसं उतरली. पुढे तोच हसरा तज्ज्ञ, त्याच्यामागे दोन बायका, आणि सगळ्यांत शेवटी एक म्हातारा. ढगळ पँट, जाड भिंगाचा चष्मा. स्वागताच्या भाषणात तो चक्क पेंगला. मी शेजारी बसलेल्या आमच्या एका बाईंना मोठ्यानेच म्हटलं, "हा आजोबा फुकटात केळी खायला आलाय." समन्वयकाला हसू आवरेना.

मग आदर्श कार्यशाळेचं कुलूप उघडलं. मुलींनी वाक्यं म्हटली, पिना खोचल्या, बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. फलकावर एक लाल दिवा लागला आणि तसाच राहिला. मला कारण कळलं होतं. उन्हाळ्यात सगळ्या विहिरी एकदम चालतात, व्होल्टेज पार खाली बसतं. ते परदेशी यंत्र शहाणं, कमी व्होल्टेजवर चालायचंच नाही असं त्याने ठरवलेलं. आमच्या मोटारी त्या व्होल्टेजवर चालतात, तापतात आणि जळतात. त्यातूनच माझा वर्ग चालतो.

प्राचार्य घामाघूम. "तांत्रिक अडचण आहे, तांत्रिक अडचण!" तज्ज्ञ हसतच होता. ही शिकण्याची उत्तम संधी आहे, असं त्याने समन्वयकामार्फत कळवलं. त्या दोन मुली तोंड पाडून उभ्या. लाल दिव्यापासून मात्र कुणीच काही शिकलं नाही, सगळे चहाला गेले.

तेवढ्यात म्हातारा दिसेना. "मॅडम, बघा जरा," प्राचार्य माझ्या कानाशी म्हणाले. "उन्हात कुठे पडायचे ते."

तो शेडमध्ये होता. कुंड्या बाजूला सरकवून आत शिरला होता आणि टेबलावरच्या मोटारीवर वाकून उभा होता. माझ्या मुलांनी ती सकाळीच भरून, बांधून ठेवली होती. आता तारा एकजीव होऊन आत ओल शिरू नये म्हणून त्यांवर व्हर्निश ओतायचं, एवढंच राहिलं होतं. त्याने वेटोळ्यांवरून बोट फिरवलं, दोऱ्याची बांधणी ओढून पाहिली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. चांगली आहे, असं. त्याला आमच्याइतकंच मोडकं इंग्रजी येत होतं. त्याने आपल्या छातीवर बोट ठेवलं, मोटारीकडे दाखवलं आणि दोन्ही हातांनी तार ओढल्यासारखं केलं. हाही वाइंडिंगवाला होता तर.

माझ्या अंगात आलं. म्हटलं, बघच आता. डबा उचलला आणि व्हर्निशची धार धरली. दोन-चार थेंब पडले असतील, तोच त्याने माझं मनगट धरलं.

"नो, नो."

परक्या माणसाने मुलांसमोर माझा हात धरून मला चुकीचं ठरवावं! मी हात हिसकावला. "काय नो?"

त्याने माझा तळहात ओढून मोटारीवर टेकवला. मोटार गार होती. मग त्याने आपले हात एकमेकांवर घासले, फुंकर मारली. गरम कर, असं. मी बाहेर बोट दाखवलं. "आजोबा, हे जळगावकडचं ऊन आहे. बाहेर ठेवली की दोन दिवसांत खणखणीत वाळते. माझ्या वडिलांनी जन्मभर असंच केलंय."

त्याला शब्द कळले नाहीत, ऊन कळलं. त्याने मान हलवली आणि कोपऱ्यातल्या जळक्या मोटारींकडे वळला. त्यांतली एक नेमकी उचलली. ती मी स्वतः भरलेली. आदल्या उन्हाळ्यात दिली होती, पावसाळ्यानंतर जळून परत आली होती. शेतकऱ्याने व्होल्टेजला शिव्या घातल्या होत्या आणि मीही त्याच्या सुरात सूर मिसळला होता. म्हाताऱ्याने कटर मागितला, मोटारीच्या खाचेतलं वेटोळं कापून बाहेर ओढलं आणि टेबलावर उकललं.

वरून कडक, चकचकीत. आत एकेक तार सुटी, कोरडी. व्हर्निश आत पोचलंच नव्हतं. मधल्या तारांवर ओलीने काळेहिरवे डाग पडले होते. त्याने नखाने एक तार हलवून दाखवली. ती हलली. मुलं माझ्याकडे बघत होती.

मी किती मोटारी अशा भरल्या असतील? आणि त्या जळून परत आल्या की मी कुणाकुणाला नावं ठेवली? वीज मंडळाला, तारेला, शेतकऱ्याला. त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याचा जेवढा संताप आला, तेवढा प्राचार्यांचाही कधी आला नव्हता.

पुढचा तासभर तो माझ्या शेडचा मालक झाला. पत्र्याचा एक जुना पिंप आडवा केला, आत दोन मोठे बल्ब लावले आणि मोटार त्यात ठेवून तोंडावर पोतं टाकलं. अधूनमधून पोतं उचलून तो मोटारीला हाताची पाठ लावून बघायचा आणि परत झाकायचा. मला त्याने एकदाही बसायला सांगितलं नाही, म्हणून मी उभीच राहिले. बल्ब बंद करून मोटार बाहेर काढली, उभी केली, आणि त्याने डबा माझ्या हातात दिला. बारीक धार, सावकाश, असं बोटांनी दाखवलं. मी ओतलं. गार मोटारीवर व्हर्निश सायीसारखं वर बसायचं. इथे ते दिसेनासं होत होतं, वेटोळ्यांनी जणू पिऊन टाकलं. खालच्या बाजूने थेंब बाहेर आले तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

समन्वयक तीनदा बोलवायला आला. तिसऱ्यांदा म्हातारा आपल्या भाषेत असं काही बोलला की समन्वयक आल्या पावली परत गेला. शेवटी मुख्य तज्ज्ञ स्वतः आला, आम्हा दोघांना डब्यासह उभं करून फोटो काढले. म्हातारा निघाला तेव्हा त्याने हात पुढे केला. दोघांचेही हात व्हर्निशने बरबटलेले. एकमेकांना चिकटले ते ओढून सोडवावे लागले. त्याच्या सदऱ्यावर पिवळे डाग पडले होते आणि त्याला त्याचं काही नव्हतं.

पुढच्या रविवारी मी सावद्याला गेले. नाना ऐंशीला आलेत, दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. जेवायला बसल्यावर मी विचारलं, "नाना, व्हर्निश ओताच्या आधी मोटार तापवा लागते, हे तुमाले माहीत होतं?"

"व्हय," ते घास चावत म्हणाले. "माह्या उस्तादानं सांगतलं होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मंग तुम्ही काहून नाही तापवली कधी?"

"गिऱ्हाईक दारात उभं राहे. तिकडे त्याची केळी वाळून राह्यली. मी मोटार तापवत बसू का? उनात ठेवली, का झालं काम."

"आन मले? मले काहून नाही सांगतलं?"

नानांनी पाण्याचा तांब्या उचलला, पाणी पिऊन तो खाली ठेवला. "तू इचारलं कधी? तुले त सगळंच येत होतं."

आईने मला आणखी भाकरी वाढली. मी ती खाल्ली, पण कशी लागली ते सांगता येणार नाही. परतीच्या गाडीत बसल्यावर मला आठवत राहिलं, की बारा-तेरा वर्षांची असताना मी नानांना म्हटलं होतं, "तुमच्या त्या उस्तादाच्या जुन्या गोष्टी मले नका सांगू." गोष्टींत काय काय होतं, देव जाणे.

त्या उन्हाळ्यापासून माझ्या शेडमधली एकही मोटार गार असताना व्हर्निश पीत नाही. मोटार का तापवायची, हे मी मुलांना सांगते, आणि आधी मी चुकत होते हेही. पहिल्यांदा सांगताना मी मोटारीकडेच बघत होते. आता मुलांकडे बघते.

त्या म्हाताऱ्याला चार ओळी लिहाव्यात म्हणून मी समन्वयकाला फोन केला. तो ही नोकरी सोडून दुसऱ्या प्रकल्पात गेला होता. पाण्याच्या की कचऱ्याच्या, त्यालाच नीट सांगता येईना. म्हाताऱ्याचा पत्ता त्याच्याकडे नव्हता. "ते आमच्या मुख्य टीममध्ये नव्हतेच, मॅडम. निवृत्त होते. स्वखुशीने आले होते."

मग अहवाल आला, गुळगुळीत कागदाचा. मुखपृष्ठावर आमचा फोटो. म्हातारा, मी, डबा. आत लिहिलं होतं की आदर्श कार्यशाळेमुळे प्रशिक्षणाचा दर्जा लक्षणीय उंचावला. कार्यशाळेचा फोटो मात्र एकही नव्हता. लाल दिव्याचा तर नव्हताच. व्हर्निशबद्दल एक अक्षर नाही.

करारातली शेवटची पायरी म्हणजे त्या देशाचा अभ्यासदौरा. निदेशकांनी जाऊन तिथल्या कार्यशाळा बघाव्यात, असं करारातच स्पष्ट होतं. गेले प्राचार्य आणि वरच्या कचेरीतले दोन साहेब. धुळ्याच्या भाऊंनी अर्ज केला होता. त्यांना उत्तर आलं की तुमची सेवा थोडीच उरली आहे. दहा दिवसांनी प्राचार्य परत आले, सगळ्यांना एकेक चॉकलेट दिलं आणि मोबाइलवर फोटो दाखवले. नदी, पूल, घड्याळाचा मनोरा, बर्फ. मी विचारलं, "सर, वाइंडिंगची कार्यशाळा बघितली का तिथे?"

"बघायची होती," ते म्हणाले. "पण त्या दिवशी बोटीचा कार्यक्रम होता."

आदर्श कार्यशाळेचं कुलूप आता कधीकधी उघडतं. पावसाळ्यात व्होल्टेज बरं असतं तेव्हा मुलं पिना खोचतात. दोन टॅबची बॅटरी गेली आहे.

मागच्या महिन्यात प्राचार्य स्वतः शेडमध्ये आले, नाकाला रुमाल लावून. मागे शिपाई, त्याच्या हातात नवी पाटी. तिच्यावर लिहिलं होतं: 'नवोपक्रम कक्ष'. मुखपृष्ठावरच्या फोटोने शेडचं भाग्य उजळलं होतं.

"मॅडम, आता दुसऱ्या एका देशाचे लोक यायचेत. त्यांना हेच बघायचंय. जरा रंग मारून घेऊ, हा पिंप-बिंप बाहेर काढू, आणि टेबलावर एखादी स्वच्छ, नवी मोटार ठेवू. जळकी नको."

"पाटी लावा," मी म्हटलं. "पण पिंप हलणार नाही, आणि मोटार जळकीच असेल. ते आले की त्यांच्यात कुणी तेलकट हातांचा असेल तर त्याला इकडे पाठवा. बाकीच्यांना तुमच्या केबिनमध्ये बसवा."

सर हसले. त्यांना वाटलं, मी गंमत केली.